वरठीच्या रस्त्यावर मी खोटं बोलले

हा अनुभव सांगताना मला अजून लाज वाटते. देवीची कृपा झाली हे खरं. पण ती झाली तेव्हा मी खोटं बोलत होते. तेवढं वगळून लिहिलं तर सगळंच खोटं होईल.

भंडाऱ्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी जनसंपर्काची इंटर्न म्हणून लागले होते. वर्तमानपत्रांत संस्थेच्या बातम्या छापून आणायच्या, एवढंच काम. तोरा मात्र असा की जणू सगळा जिल्हा माझ्याच भरवशावर आहे. रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या भवानीला हात जोडून म्हणायची, माझं नाव होऊ दे. दुसऱ्यांच्या दुखण्यावर आपलं नाव करायला निघालो आहोत, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात नाकाडोंगरीकडच्या एका गावी बुद्धविहारात तपासणी शिबिर होतं. तिथे प्रणाली भेटली. वीस-एकवीस वर्षांची, शेतमजुराची मुलगी. लहानपणापासून सिकलसेल, सांधे धरले की आठ-आठ दिवस अंथरुणावर. तरी बी.ए. करत होती आणि बोलायला अगदी मोकळी. मी तिचा फोटो काढला. नाव आणि फोटो छापायचा तर संमतीचा फॉर्म पूर्ण वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची, असा संस्थेचा नियम. मला भूक लागली होती, गाडी निघायच्या घाईत होती. मी म्हटलं, "इथे सही कर, शिबिराचंच आहे." तिने विश्वासाने केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाव, गाव, फोटो घालून बातमी सगळ्या वार्ताहरांना मेल केली आणि मोठ्या कौतुकाने त्या गावच्या आशा सेविकेलाही पाठवली. तिचा लगेच फोन आला. "काहून नाव टाकलं मॅडम? परवा तिले पाहाले पावणे येऊन राहिले. मुलाले बिमारीचं मी सोताच सांगतो म्हणे ती. आता त्याले पेपरातून समजंल का?"

मी लगेच वार्ताहरांची यादी काढली. एकेका वार्ताहराला फोन करून हातापाया पडले, त्यांनी बातमी थांबवली. तुमसरच्या एकाचा फोन तेवढा बंद. संस्था चालवणाऱ्या आमच्या मॅडमना खरं सांगायचं धाडस झालं नाही. घरी काम आहे म्हणून निघाले आणि स्कूटी तुमसरच्या रस्त्याला घातली. वरठीजवळ ती बंद पडली. वार्ताहरांची बातम्या पाठवायची वेळ होत आली होती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले आणि देवीला म्हटलं, एवढ्या वेळी वाचव. ते म्हणताना माझ्या मनात प्रणालीपेक्षा माझी इंटर्नशिपच जास्त होती.

पोलाद कारखान्यातून पाळी संपवून निघालेला एक माणूस मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काहून रडून राहिली, बाई?"

"आई सीरियस आहे. तुमसरच्या दवाखान्यात."

आई त्या वेळी घरी तांदूळ निवडत बसली असेल.

त्याचं घर कारध्याला, त्यानेच सांगितलं, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. तरी तो म्हणाला, "बस, सोडून देतो." स्कूटी तिथेच कडेला कुलूप लावून ठेवली. वाटेत एकदाच बोलला, "घाबरू नको, होते बरी." तुमसरला त्याने मला थेट दवाखान्याच्या दारात उतरवलं. "जा लवकर. माझी माय गेली तवा मी नव्हतो पोचलो." एवढं बोलून त्याने गाडी वळवली. मी त्याचं नावही विचारलं नाही.

मी धावतच त्या वार्ताहराच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, बातम्या तो तिथूनच पाठवायचा. तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. "दुपारपासून लाइन नव्हती, चार्जिंगविना फोनही बंद पडला. आताच आली. तुमचीच बातमी पाठवून राहिलो होतो," तो म्हणाला. माझ्यासमोर त्याने ती काढून टाकली.

मी वाचले होते. कोणाला काही कळणार नव्हतं. पण परतीच्या बसमध्ये त्या माणसाचं शेवटचं वाक्य काही केल्या जाईना. त्याच्या मेलेल्या आईच्या नावावर मी तुमसर गाठलं होतं, याची इतकी शरम वाटली की घरी आईशी नजर मिळवता आली नाही.

सकाळी ऑफिसऐवजी प्रणालीच्या घरी गेले आणि सहीपासून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. माझ्या हातातल्या फॉर्मकडे बोट दाखवून म्हणाली, "आता वाचून दाखव." मी फॉर्म ओळ न ओळ वाचला. "नाही देत मी," ती म्हणाली. "फोटो बी नको, नाव बी नको." मी तो तिच्यासमोर फाडला. मॅडमनाही सांगितलं, त्यांनी बातम्यांचं काम काही दिवस माझ्याकडून काढून घेतलं, ते योग्यच होतं. प्रणालीचं पुढे जमलं की नाही, मी विचारलं नाही. तो हक्क मी घालवून बसले होते.

देवीने माझी लायकी पाहून मदत पाठवली नाही. खोटं बोलत असतानाही पाठवली, हे मला अजून पेलत नाही. आता हात जोडले की मागणं सुचत नाही. आज कोणाशी काय खोटं वागले ते आधी सांगते, आणि मग डोकं टेकवते.