दातांनी ऐकणारा मामा

दुपारी चारच्या सुमारास मामा दात घासायला लागला की मामी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "निघाले वाटतं टोपी बाजारात!" अवेळी दात घासणारा ग्वाल्हेरच्या सगळ्या लष्कर भागात बहुधा हा एकच माणूस होता, आणि तो गिटार ऐकायला निघालेला असे. माझा मामा गिटार दातांनी ऐकायचा. दुकानात जाऊन इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घ्यायची, वायर जोडू द्यायची नाही, गिटारीला वरच्या बाजूला जे शिंगासारखं टोक असतं त्यावर स्वच्छ धुतलेला पातळ रुमाल घालायचा, त्यावर पुढचे दात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि एक तार छेडून स्वस्थ बसायचं. एरवी मामा स्वस्थ बसलेला फक्त हजामाच्या खुर्चीत दिसायचा, तोही वस्तऱ्याच्या भीतीनं.

आम्ही भाचरं त्याला भिंगरीमामा म्हणायचो. पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण याच्या सगळ्या अंगालाच ती लागलेली होती. चहा उभ्यानं प्यायचा. जेवताना एक गुडघा हलत असायचा आणि त्याबरोबर पाटावरचं ताट. खासगी बाजारातल्या त्याच्या घरून आमच्या घरी यायला चार मिनिटं पुरत, पण तो कधी सरळ आला नाही. वाटेत महाराज बाड्याच्या चौकाला एक फेरी, कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून गप्पा, मग उलट वळून घरी विसरलेला चष्मा आणायला, आणि मग आमच्याकडे. आजोबा म्हणायचे, "आपले पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले. बाकीचे उतरले, हा अजून उतरलेला नाही."

तरुणपणी तो गणपतीतल्या आणि लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आमचं गाव ख्याल गायकीचं. गल्लीत तानपुरा लागला की माणसं आपोआप हळू बोलतात, अशा गावात मामानं इलेक्ट्रिक गिटार धरली, याचं आजोबांना शेवटपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं. पुढे मामा पाणीपुरवठ्यात इंजिनिअर झाला, ऑर्केस्ट्रा सुटला, आणि पन्नाशीच्या आसपास त्याचे कान उतरायला लागले. कानाच्या आतलं एक बारीकसं हाड आखडत चाललं होतं, त्यामुळे बाहेरचा आवाज आत पोचत नव्हता. एका कानाचं ऑपरेशन झालं, त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्याला त्यानं हात लावू दिला नाही. डॉक्टर म्हणाले, आतली नस मात्र शाबूत आहे, देवाची कृपा समजा.

ती नस शाबूत आहे हे मामाला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. जमिनीखालचा नळ कुठे फुटला आहे ते शोधायला त्याच्या खात्यात एक लोखंडी कांब असे. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, म्हणजे खालच्या पाण्याचा आवाज येतो. कानाला काही येईना म्हणून एके दिवशी चिडून यानं ती दातात धरली, आणि खालचं पाणी त्याच्या डोक्यात वाहायला लागलं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं जुनी गिटार माळ्यावरून काढली, शिंगाला दात लावले आणि खर्जाची जाडी तार छेडली. मामी सांगते, "मला वाटलं यांना काही चावलं. मी पाहते तर हेच चावून राहिलेत, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी."

त्या दिवसापासून त्याला चांगली गिटार हवी झाली. साधीसुधी चांगली नाही, जिच्यात खोट काढता येणार नाही अशी. टोपी बाजारात हार्मोनियम, तबले आणि दोन-चार गिटारी ठेवणारं एक दुकान होतं. तिथले गुप्ताजी भला माणूस, पण पहिल्या दिवशी ते गल्ल्यावरून उठून धावले होते. "अरे भाईसाहब, गिटार है, गन्ना थोड़ी है!" मामाला ऐकू आलं नाही, पण बरोबरची आम्ही भाचरं हसलो म्हणून तोही हसला, आणि रुमालाचा रिवाज तेव्हापासून सुरू झाला. पुढे नवा माल आला की गुप्ताजी स्वतः निरोप पाठवायचे, "मामाजी से कहो, दाँत लेकर आ जाएँ."

तिथली एकही त्याच्या दातांना उतरली नाही. तो तार छेडायचा, ऐकायचा, मान हलवायचा. "लाकडात जान नाही. बोलायला लागते आणि मध्येच गप्प होते, नव्या सुनेसारखी." दुकानदार वायर जोडून आवाज मोठा करून दाखवायला लागला की तो हात आडवा धरायचा. "वायर नंतर. आधी उपाशीपोटी ऐकायची. मेकअप केल्यावर सगळ्याच छान दिसतात." हे वाक्य तो मामीसमोर बोलत नसे.

रिटायर झाल्यावर त्याची घालमेल फार वाढली. रस्त्यावरच्या टेम्पोंचा गोंगाटही आता त्याला नीट येत नव्हता, आणि जगाचा आवाज जितका कमी होई तितका हा अधिक हिंडे. शांततेला तो घाबरत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटे, मामाला नाद लागला आहे. शेवटी एके दिवशी त्यानं जाहीर केलं की गिटार दिल्लीहून आणायची, आणि निवडायला मी बरोबर यायचं, कारण दुकानवाल्याचं बोलणं त्याला कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं होतं. मामी म्हणाली, "लोक रिटायर झाले की काशीला जातात. हे दिल्लीला चाललेत, गिटार चावायला."

दिल्लीचं ते दुकान दवाखान्यासारखं चकचकीत होतं. भारी गिटारी काचेच्या वेगळ्या खोलीत, आणि आत जायचं तर विचारून. तिथल्या तरुण विक्रेत्याला मी सगळी हकीकत आधीच सांगून टाकली. तो बिचारा पॉलिशकडे पाहत घुटमळला, मग म्हणाला, "रुमाल दो तह का कर लीजिए, अंकल." मामानं किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या करून ठेवल्या आणि कामाला लागला. प्रत्येक गिटारीचा पट्टा गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडून द्यायचा; गिटारीची मान, म्हणजे तिची लांब दांडी, खाली झुकली की ती बाद. मग तिच्या मानेवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवायचा. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची, पडद्यांची, टोकं कुठे बोटाला टोचतात का ते पाहायचा. मग एकेका पडद्यावर बोट ठेवून, दात लावून, सूर संपेपर्यंत थांबायचा. मध्येच उठून रस्त्यावर जायचा, एक चहा मारायचा, परत यायचा आणि सगळं पहिल्यापासून. दोन तासांत मी थकले, विक्रेता थकला, मामाचा गुडघा तेवढा हलत राहिला.

शेवटी दोन उरल्या. एक आभाळी निळी, इतकी देखणी की मी मनातल्या मनात ती आमच्या खोलीत टांगूनही टाकली होती. मामाचाही जीव तिच्यावर आला होता. तिचा आवाज गोड आहे, म्हणाला, पेढ्यासारखा. दुसरी तपकिरी, बिनचमकेची, चारचौघींत नजर न जाणारी. मामा एकदा हिला दात लावी, एकदा तिला. मग त्यानं निळी बाजूला केली.

"का? गोड आहे म्हणालास ना?" मी ओरडून विचारलं.

"गोड आहे. पण मधल्या एका पडद्यावर सूर लवकर विझतो हिचा. बाकी सगळीकडे छान, तिथंच फक्त." त्यानं तपकिरी गिटारीवर हात ठेवला. "ही सगळीकडे सारखी आहे. मला गोड बोलणारी नको गं, खरं बोलणारी पाहिजे."

मी निळीचाच हट्ट धरला. विक्रेत्यालाही ते पटेना. त्यानं स्वतः रुमाल घातला, निळ्या गिटारीला दात लावले, तो पडदा दाबला, मग तपकिरीला लावले. "सच में, अंकल!" तो म्हणाला, आणि मग मात्र वायर जोडली. मामानं जुन्या काळातली एक लग्नाची चाल वाजवली. दुकानातली माणसं काचेपाशी येऊन उभी राहिली, आणि तो मोठा आवाज पायाच्या तळव्यांतून येतो आहे म्हणून मामानं भर दुकानात चपला काढल्या.

परतीच्या गाडीत गिटारीची पेटी त्यानं मांडीवर आडवी घेतली. कमी ऐकू येणारी माणसं जोरात बोलतात, त्यामुळे पुढचं सगळं डब्यानंही ऐकलं. "डॉक्टरनं तुम्हाला अर्धीच बात सांगितली," तो म्हणाला. "नस आज शाबूत आहे. पण तीही जाऊ शकते, हळूहळू. ती गेली की मग दातही फिजूल." तो पेटीवर बोटं वाजवत होता. "स्वस्त गिटारीवर शक घेता येतो, पता आहे? सूर लवकर संपला तर म्हणायचं, लाकूड खराब आहे, तारांखालची घोडी ढिली आहे. मन मानून जातं. हिच्यावर शक नाही घेता येणार. हिचा सूर लवकर संपला, तर समजायचं की हिचा नाही संपला." समोरच्या बाकावरच्या बाईंनी नुसता पाण्याचा ग्लास पुढे केला. मामानं तो घेतला आणि उठून दारापाशी जाऊन उभा राहिला, थेट ग्वाल्हेर येईपर्यंत.

सारा पैसा ओतून माणूस कौतुकाची वस्तू आणतो. यानं स्वतःची परीक्षा घेणारी मास्तरीण आणली होती. पण तिच्यावर त्यानं प्रेमही तसंच केलं. रोज सकाळी आंघोळ झाली की दात लावून एक जाडी तार छेडायची. सूर पुरेसा टिकला की स्वारी खूश. मग दिवसभर वाजवणं, बाड्याच्या फेऱ्या, गुप्ताजींना चहा. मामी म्हणायची, "पंचांग पाहायला नको. यांचं तोंड पाहिलं की दिवस कसा आहे ते समजतं." अशी काही वर्षं फार चांगली गेली. तो वाजवताना मी कितीदा तरी समोर बसले आहे. एखादा लांब सूर धरून, डोळे मिटून, शिंगाला दात टेकवलेला मामा पाहिला की वाटे, हा माणूस आता कुठेही जाणार नाही.

मी नोकरीला इंदूरला गेले. एका होळीच्या आधी मामीचा फोन आला. आवाज दबका. दबक्या आवाजाची त्या घरात काही गरज उरली नव्हती, तरी. "तू ये जरा. हे सारखे तारा बदलून राहिलेत. काल घातलेली तार आज काढतात. घोडी बदलली. दिल्लीला नेऊन दाखवून आणली, तिथला म्हणाला काही दोष नाही, तर त्याच्याशी भांडले. मी काही विचारलं की चप्पल घालून बाहेर."

मी गेले तेव्हा मामा दारातच होता, निघायच्या बेतात. मला पाहून थांबला. वाळला होता. "ये," म्हणाला, "तुझीच गरज होती. हिला काहीतरी झालं आहे. दमट हवेनं लाकूड फुगलं असेल." मार्चमधलं ग्वाल्हेर. वाळत घातलेलं धोतर घटकेत कडक होत होतं.

त्यानं मला पलंगावर बसवलं आणि गिटार आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी ठेवली. शिंगावर त्याचा रुमाल. वरच्या टोकाला, जिथं तारांच्या खुंट्या असतात, तिथं माझ्यासाठी दुसरा, तोही धुतलेला. "तू तिकडून ऐक, मी इकडून. बोट वर करायचं. सूर संपला की खाली. डोळे मिटून." मामी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. हसण्यासारखंच दृश्य होतं ते, एका गिटारीला दोन टोकांनी दोन माणसं चावताहेत. कुणीही हसलं नाही.

मी दात टेकवले, डोळे मिटले, बोट वर केलं. मामानं जाडी तार छेडली.

इतक्या वर्षांत मी हे कधी करून पाहिलं नव्हतं. सूर कुठून बाहेरून येत नाही. तो आपल्याच कवटीत उगवतो, भरून राहतो, आणि मग इतक्या सावकाश मागे सरतो की तो आहे की आठवतो आहे ते कळत नाही. मी सगळं विसरून त्याच्या मागे मागे गेले. अगदी शेवटचा धागा संपल्यावर बोट खाली केलं आणि डोळे उघडले.

मामाचे डोळे उघडेच होते. त्याचं बोट केव्हाच खाली आलं होतं, दोन्ही हात मांडीवर होते. किती वेळ कोण जाणे, तो माझ्या वर धरलेल्या बोटाकडे पाहत बसला होता. त्याचा गुडघा हलत नव्हता.

"गिटार ठीक आहे," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला आणि गिटारीच्या तपकिरी पोटावरून एकदा हळूच फिरवला.

"पाहिलंस?" तो म्हणाला, पूर्वीसारख्याच मोठ्या आवाजात. "दिल्लीत सगळे निळी घ्या, निळी घ्या म्हणत होते. तूसुद्धा. माझी पसंती चुकली नव्हती."

त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. मामी आत निघून गेली, आणि मला जे रडू फुटलं ते त्या अभिमानामुळे.