तडकलेल्या स्लाइडमधली प्लॅनुला

अन्याय झाला तो तिवशाच्या एका मुलीवर, गेल्या मंगळवारी, प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये. अमरावतीहून सुटलेल्या एसटीत ती माझ्या शेजारी होती. एक डोळा मिटून बाहेर बघत होती, जणू अजून मायक्रोस्कोपच समोर आहे.

“जेलीफिशचं पोहणारं पिल्लू ओळखाचं होतं, दादा. प्लॅनुला. तडकलेली स्लाइड म्हणजे प्लॅनुला, हे सिनियर सांगूनच ठेवतात. सगळ्यायनं तेच लिवलं. मी आत पाह्यलं. काईच नवतं. तसंच लिवलं.”

“मंग?”

“नापास. सर म्हणे, पह्यले होती स्लाइडवर, आता तिचा रंग उडाला.”

मी अन्यायाविरुद्ध पत्रकं काढून वाटणारा. दोषी मला लगेच सापडतो. इथे सापडेना. सगळ्यांचं उत्तर बरोबर, आणि खरं बोलली ती एकटीच?

म्हणून हे पत्रक: विद्यार्थ्यांनो, तुमच्या कॉलेजातली अशी स्लाइड उद्याच मायक्रोस्कोपखाली धरा. दिसेल तेवढंच लिहा, आणि खाली सही करा.