टिकलीखालचं कपाळ

आमच्या घरात सुनेनं झोपेतसुद्धा टिकली काढायची नाही, असा सासूचा नियम होता. लग्न होऊन मी रेणापूरहून मुदखेडला आले. पहिल्याच सकाळी तोंड धुताना टिकली काढून न्हाणीच्या भिंतीला चिकटवली. माहेरी सगळ्या बाया तसंच करायच्या, तोंड धुऊन झालं की तीच परत लावायच्या. सासूनं ती भिंतीवरून उचकटली आणि माझ्या ओल्या कपाळावर अंगठ्यानं अशी दाबली, की माझं डोकं मागं भिंतीवर आपटलं.

"हितं असलं चालायचं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस का?"

तिचं कारण मला पुढं शेजारणीकडून कळलं. सासऱ्यांना स्टेशनाजवळ गाडीनं उडवलं, त्या दिवशी सासू डोक्यावरून न्हाली होती आणि कुंकू लावायचं विसरली होती. ते तिच्या डोक्यात कायमचं बसलं. तेव्हापासून ती दुसऱ्यांची कपाळं राखत होती.

मी कमी बोलणारी. चौथीनंतर शाळा सुटली आणि चार माणसांत तोंड उघडायची सवय कधी लागलीच नाही. सांगितलं ते करत गेले. टिकली सैल झाली की त्याच जागी दुसरी. अंघोळीतही टिकली, तापातही टिकली, बाळंतपणातही टिकली. मखमली, मरून रंगाची, पाकिटातली.

लेक शाळेत जायला लागली त्या सुमाराला कपाळ खाजायला लागलं. एकदा घरात कुणी नव्हतं तेव्हा मी आरशासमोर टिकली काढली. खाली ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. मी टिकली परत त्याच जागी दाबली. आमच्याकडं कोड म्हटलं की बाईला माहेरी धाडतात, आणि पोरं ठेवून घेतात. गल्लीतल्या एकीचं तसंच झालं होतं. तिची लेक अजून शाळेतून येताना बायांची तोंडं बघत येते. माझ्या लेकीला सोडून मी कुठं जाणार होते?

मी मोठी टिकली आणली. डाग तिच्या कडेबाहेर दिसायला लागला तेव्हा अजून मोठी आणली. मी झाकत गेले आणि तो पसरत गेला. वरून पावडर, पावडरीवर गोरं करायचं क्रीम, त्यावर टिकली. नवऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. त्याचा टेम्पो आहे, तो मुदखेडहून नांदेडच्या मोंढ्यात माल नेतो. एकदा तो हसून म्हणाला, "रुपयाएवढी लावून राहिलीस. पुढच्या बारीला ताटली लाव."

उन्हाळ्यात भाकरी थापताना घामानं टिकली निसटली आणि परातीतल्या पिठात पडली. सासू समोरच लसूण सोलत होती.

"आगं आगं! हे काय गं?" तिनं माझी हनुवटी धरली, अंगठ्याला थुंकी लावून कपाळ घासलं. डाग जाईना. मग ती दाराकडं तोंड करून ओरडली, "ये रे, ये बघ! कोड हाय हिला! कोड!"

नवरा जेवणावरून उठून आला. माझा अंबाडा धरून त्यानं मला अंगणात उन्हात ओढलं आणि तोंड वर करून बघितलं. त्याच्या बोटांना वरणाचा वास येत होता. एवढंच नीट आठवतं, कारण पुढच्या क्षणाला त्याची लाथ पोटात बसली.

"फसवलं मला," तो म्हणत होता. "तुझ्या भावानं झाकून माल गळ्यात मारला."

टेम्पोत माल बांधायचा दोर त्यानं काढला. दुहेरी करून मारलं. पाठीवर, मानेवर, मी हात वर केले तर हातांवर. दोराला गाठ होती आणि ती जिथं बसायची तिथं कातडी फुटायची. लेक दारात उभी होती. तिच्या पायाखाली फरशी ओली झालेली मला दिसली. मी तिला आत जा म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात रक्त होतं.

सासूनं त्याला थांबवलं ते दयेनं नाही. "मेली तर पोलीस येतील," ती म्हणाली. "आधी इलाज करू. न्हाई झालं तर धाडू माहेरी. पोर आपली हाय, ती हितंच राहील."

इलाज म्हणजे बावचीचं तेल. नांदेडच्या बाजारात एक जडीबुटीवाला बसतो, त्याच्याकडून नवऱ्यानं बाटली आणली. तेल लावून जेवढं सोसवेल तेवढं उन्हात बसायचं, असं त्यानं सांगितलं होतं. किती सोसवतं हे मला कुणी विचारलं नाही. सासूनं कापसानं माझं कपाळ चोळलं आणि भर दुपारी गच्चीवर बसवलं. स्वतः जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसली. मी सरकले की काठी फरशीवर आपटायची. दुसऱ्या वेळेला सरकले तर माझ्या घोट्यावर.

"झाडाचं औषध हाय, मरत न्हाईस," ती म्हणायची.

पहिल्या दिवशी कपाळ लाल झालं. दुसऱ्या दिवशी डागावर आणि बाजूला फोड आले, पाण्यानं भरलेले, डोळा अर्धा मिटेल एवढे. त्याच दिवशी नात्यातली माणसं घरी यायची होती. सासूनं फोडांवर पावडर थापली आणि वर टिकली दाबली. माणसं चहा पिऊन गेली. मग तिनं ती टिकली ओढून काढली, तिच्याबरोबर कातडी निघून आली. मी ओरडले तर तिनं माझ्या तोंडात पदराचा बोळा कोंबला.

फोड सुकले की परत तेल, परत ऊन, असं पावसाळ्यापर्यंत चाललं. नागपंचमीला दादा, माझा भाऊ, मला माहेरी न्यायला आला. दारातच त्यानं माझं तोंड बघितलं. "काय केलंय गं माय हे?" त्यानं विचारलं. सासू आतून म्हणाली, "कोड लपवून दिलात, वर आम्हालाच इचारता? न्या तिला. पोरगी हितंच राहील." लेकीला मागं ठेवून मी एसटीत बसले. गाडी हलल्यावर लोक बघतील म्हणून पदर तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी दादानं मला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कपाळ बघितलं, भिंगातून बघितलं, आणि भलतंच विचारलं.

"टिकली कुठली लावता, ताई?"

"पाकिटातली."

"रात्री काढता?"

मी नाही म्हणून मान हलवली. दादा म्हणाला, "काढू देत न्हाईत, मॅडम. वरून क्रीम, बावचीचं तेल, सगळं लावलंय."

बाई म्हणाल्या की हे कोड नाही. काही टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं की ते कातडीचा रंगच मारून टाकतं. दिवसरात्र लावून ठेवली तर आणखी लवकर. हे कुणाला लागत नाही, पोरात उतरत नाही. आता टिकली बंद, ते गोरं करायचं क्रीम बंद, बाजारचं रंगीत कुंकूही बंद. "आणि हे तेल कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "हे लावून उन्हात बसलं की कातडी भाजते. झाडाचं असलं म्हणून काय झालं?" मग त्यांची नजर माझ्या मानेवर गेली. मी पदर ओढला. त्या म्हणाल्या, "मानेचं सांगावंसं वाटलं तर या. मी सोमवारी असते."

मी रडले ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर. लाजेनं नाही. मला परत घरी जाता येणार होतं, लेकीपाशी.

वहिनीनं मला कुंकू करायला शिकवलं. हळदीत लिंबाचा रस, थोडी तुरटी, थोडा टाकणखार. पिवळ्याचं हळूहळू लाल होतं, मग ते सावलीत वाळवायचं. "कपाळ बरं होईपर्यंत हेही लावू नको," वहिनी म्हणाली. "घेऊन मात्र जा. सासूला दाखवायला होईल." मी कागदाच्या पुडीत बांधून घेतलं.

मुदखेडला मी मोकळ्या कपाळानं उतरले. रिक्षावाल्यानं विचारलं नाही, पण त्यानं बघितलं. गल्लीतल्या बायांनी बघितलं. दारात सासू होती, तिच्यामागं नवरा.

"मी मेलो का?" त्यानं विचारलं.

मी डॉक्टरचा कागद पुढं केला. मी म्हणाले, "ते कोड न्हाई. टिकलीच्या गोंदानं झालंय." लग्नानंतर मी त्याच्यापुढं सलग एवढं कधी बोलले नसेन. त्यानं कागद बघितला नाही. माझ्या कानशिलात दिली, मी उंबऱ्यावर पडले, आणि त्यानं पायानं मला आत ढकललं. सासूनं नवं टिकलीचं पाकीट आणलं. तिनं माझे केस धरले आणि मी तिचा हात दातांत पकडला. मी असं काही करीन हे मलाही माहीत नव्हतं. तिच्या हातावर दात उमटले. त्याबद्दल नवऱ्यानं मला इतकं मारलं की नंतर बरेच दिवस एका कानानं ऐकू येत नव्हतं.

"मला लावता येत न्हाई, अन् तुझा जिता असून तू लावत न्हाईस!" सासू रडत ओरडत होती. मी तिच्याकडं बघितलं. तिचं मोकळं कपाळ सुरकुतलं होतं. त्या वेळेला मला तिची कीव आली, पण टिकली मी लावली नाही. रोज मार खाल्ला आणि लावली नाही. सासूनं बळंच चिकटवली की मी काढून टाकायची. पुडीतलं कुंकू तिला दाखवलं, तर तिनं मोरीत ओतलं.

मग एका सकाळी लेकीची वेणी घालताना मला तिच्या भुवयांच्या मध्ये फिकट ठिपका दिसला. शाळेच्या कार्यक्रमापासून तिला चमकीच्या टिकल्यांचं वेड लागलं होतं. मला कळू न देता ती त्या लावूनच आजीपाशी झोपायची. मी तिचं कपाळ साबणानं धुतलं, टिकल्या चुलीत घातल्या. "कोणाला दाखवू नको," मी तिला म्हटलं. पण पोर ती. दुपारी आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं असेल.

मी भाकरी करत होते. गच्चीवरून लेकीची किंकाळी आली. "आई गं, मला न्हाई बसायचं! आई!"

मी धावत वर गेले. हातात उलथणं तसंच होतं. नवऱ्यानं तिचे दोन्ही हात धरले होते आणि सासूच्या हातात बावचीची बाटली आणि कापूस होता. लेकीचं कपाळ अजून कोरडं होतं. ते मी पहिलं बघितलं.

"उतरलं बघ पोरीत," सासू म्हणाली. "तुझं पाप."

मी तापलेलं उलथणं नवऱ्याच्या मनगटावर मारलं. त्यानं लेकीला सोडलं. "पळ!" मी ओरडले, आणि ती जिन्यानं खाली गेली. तो माझ्यावर आला. मी सासूच्या हातातली बाटली ओढली, आमची झोंबाझोंबी झाली, बाटली कठड्यावर आपटून फुटली आणि तेल त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत सांडलं. माझ्या हातात बाटलीचा गळा राहिला होता.

"तिला हात लावला तर हे घशात घालीन," मी म्हणाले.

शेजारच्या गच्चीवरून लोक बघत होते. एक म्हातारी म्हणाली, "बया, हिला तोंड हाय!" नवरा माझ्या हाताकडं बघत उभा राहिला. मग त्यानं शर्टाला हात पुसला आणि खाली जाऊन टेम्पो काढला.

बाकीची सगळी दुपार तो उन्हात नांदेडच्या रस्त्यानं गाडी चालवत होता, उजवा हात खिडकीबाहेर. संध्याकाळी हात लाल होता. पुढं फोड आले, माझ्या कपाळावर आले होते तसेच, फक्त कोपरापर्यंत. दोन रात्री तो कण्हत होता. सासू वाऱ्याला पंखा घेऊन बसली होती. मी पाणी द्यायला गेले तर त्यानं ते माझ्या अंगावर फेकलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून दवाखान्यात गेला. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही. आल्यावर चप्पल काढता काढता तो सासूला म्हणाला, "आई, पोरीला तेल लावायचं न्हाई."

सासू म्हणाली, "अन् ते कोड?"

"न्हाई म्हटलं ना."

मार थांबला, असं मी लिहिणार नाही. कमी झाला. कधी भाजी खारट झाली म्हणून, कधी कशासाठी नाही. पण मला माहेरी धाडायची भाषा घरात पुन्हा कुणी काढली नाही, आणि लेकीच्या कपाळाला कुणी हात लावला नाही. त्या एका गोष्टीसाठी मी बाकीचं सोसते, आणि सोसायचं कुठवर ते अजून ठरवलेलं नाही. लातूरच्या बाई सोमवारी असतात, हे मला पाठ आहे.

सकाळी मी लेकीला दारात उजेडात बसवून तिचं कपाळ बघते. आधी कडेनं रंग आला, मग ठिपका लहान होत गेला. परवा नवऱ्यानं तिला जवळ बोलावलं आणि तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मी हातातलं काम टाकून त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. त्यानं बराच वेळ बघितलं.

"भरून आलं," तो म्हणाला, आणि तिला सोडलं. ती खेळायला पळाली.

मग त्यानं माझ्याकडं मान वळवली. माझा डाग अजून आहे, फोडांच्या खुणाही आहेत. मी पदर पुढं ओढला नाही. त्यानं बघावं म्हणून तशीच उभी राहिले. त्यानं खाली बघितलं, किल्ली घेतली आणि बाहेर गेला.