बंपरवर उभी माणसं

नाशिक सोडलं तेव्हा जीपमध्ये औषधांचे खोके होते आणि माझ्या पिशवीत दोन यंत्रांची माहितीपत्रकं. त्यांतलं एक निवडायचं, एवढंच काम अध्यक्षसाहेबांनी मला सांगितलं होतं. आमची संस्था मोखाडा तालुक्यात फिरता दवाखाना चालवते. खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर) जाताना पावसाळ्यात ही जीप चढावर हटकून अडकते. तिच्या मागच्या डिफरन्शियलला लॉक बसवायचं ठरलं होतं. साहेब म्हणाले होते, "आपोआप लागणारं घे. ड्रायव्हरला शिकवायची कटकट नको."

मी याच संस्थेच्या वसतिगृहात राहून इंजिनिअर झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे साहेबांचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नव्हता.

त्र्यंबक मागे पडलं आणि घाट लागला. भाद्रपद होता. डोंगर अजून हिरवे होते, उतारांवर नागली हातभर वाढली होती, खाचरांत भात पोटरीला आलं होतं. आमचे ड्रायव्हर दत्तूभाऊ वाटभर गप्प होते. पाड्याचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा त्यांनी गियर बदलला आणि पुढे बघत राहिले.

आधी जव्हारला गेलो. लॉक कोणतंही घेतलं तरी ते बसवणार याकूबचाचा. बाजाराच्या मागे त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी चहा मागवला, दोन्ही पत्रकांतली चित्रं पाहिली आणि दोन्ही यंत्रं बसवता येतील म्हणाले. मग दत्तूभाऊंकडे बघून त्यांनी विचारलं, "लहानूचा पाय कसा आहे?"

दत्तूभाऊ म्हणाले, "सूज आहे अजून."

लहानू कोण, हे मला खोडाळ्याच्या वाटेवर कळलं. तेही मी गाडी थांबवायला लावली तेव्हा.

लॉक म्हणजे काय, हे आधी सांगितलं पाहिजे. जीपच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, ती सोय ते करतं. पण एक चाक उचललं गेलं की इंजिनाचा सगळा जोर त्याच चाकात जातो. ते हवेत गरगरत राहतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. लॉक दोन्ही चाकांना एकत्र बांधतं. एका प्रकारचं लॉक जोर पडला की आपोआप लागतं. दुसरं ड्रायव्हरने कळ दाबली तरच लागतं.

आमच्या जीपला यांतलं काहीच नव्हतं. मग ती वर जायची कशी? दत्तूभाऊंनी सांगितलं. दवाखान्याचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी पाड्यावरची माणसं सकाळपासून चढाशी येऊन बसतात. चाक उचललं की चार-पाच जण त्या बाजूने मागच्या बंपरवर चढतात. त्यांच्या वजनाने चाक खाली टेकतं आणि गाडी सुटते. कोणी कुठे उभं राहायचं, हेसुद्धा ठरलेलं आहे. मागच्या पावसात गाडी झटक्याने सुटली, लहानू मागे पडला, आणि तीच गाडी घसरून त्याच्या पावलावर आली.

दत्तूभाऊंनी हे ऑफिसात सांगितलं होतं. तिथे त्याची नोंद 'किरकोळ इजा' अशी झाली.

माझं डोकं भणाणलं. कारण बंपरवर उभ्या असलेल्या, हसणाऱ्या माणसांचा फोटो मी पाहिला होता. आमच्या वार्षिक अहवालात तो पानभर छापला आहे. खाली शब्द आहे: लोकसहभाग.

चढ आला. रस्ता पाण्याने कातरलेला, उजवीकडे दरी, आणि रस्त्याचा कलही दरीकडे. सात-आठ माणसं दगडावर बसलेली होती. गाडी दिसताच ती बिड्या विझवून उठली. मी खाली उतरून सांगितलं, आज बंपरवर कुणी चढायचं नाही. ती एकमेकांकडे बघून हसली. दत्तूभाऊंनी गाडी घातली. अर्ध्या वाटेत डावीकडचं मागचं चाक उचललं गेलं आणि चिखल उडवत फिरत राहिलं. माणसं पुढे सरसावली. मी आडवा आलो. मी ओरडलोसुद्धा, पण तो ओरडा ज्यांच्यासाठी होता ते नाशिकला होते.

वरून सोनीबाई उतरून आली. ती पाड्याची स्वयंसेविका. इकडे लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणतात. कमरेवर हात ठेवून तिने मला विचारलं, "गाडी का अडवलीस?"

मी लहानूचं नाव घेतलं.

"त्याला मीच उचलला. मला सांगतो?" ती म्हणाली. "वर पोरं तापाने पडलीत. तुझा राग तू नाशिकला ने. औषध इथं दे."

तिने खोका उचलून डोक्यावर घेतला. मग सगळ्यांनीच घेतले. पाड्यावर तिने मला नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला, आणि रागावलेल्या माणसाने जास्त खावं म्हणून आणखी अर्धी भाकर टाकली. लहानू ओट्यावर पाय लांब करून बसला होता. आता मोटार इथवर आणणार का, असं त्याने विचारलं. त्याच्या जागी बंपरवर आता त्याचा भाऊ उभा राहायचा.

परतताना मी तो चढ पायी उतरलो. आपोआप लागणारं लॉक इथे नको, हे दिसतच होतं. कललेल्या ओल्या रस्त्यावर ते आपसूक लागून दोन्ही चाकं एकदम घसरली तर गाडीचं बूड दरीकडे जाणार. लॉक बसवलं म्हणून माणसांची सवय एका दिवसात मोडणार नाही; माणसं बुडाला लटकलेलीच असणार. गाडी थांबवून, माणसं बाजूला करून, मग कळ दाबता आली पाहिजे.

नाशिकला बैठकीत हे मी सविस्तर मांडलं. साहेब शांतपणे म्हणाले, "अरे, लोकांना त्यात आनंद असतो. आपलेपणा वाटतो."

"साहेब, तुमच्यामुळे मी शिकलो," मी म्हणालो. "आपोआपचं लॉक मी निवडणार नाही. आणि तो फोटो पुन्हा छापायचा असेल, तर शेजारी लहानूच्या पावलाचा छापा."

शेवटी कळ दाबून लागणारं लॉक मंजूर झालं. बसवायचं मात्र दिवाळीनंतर, असं ठरलं. म्हणजे पाऊस गेल्यावर, जेव्हा चढ कोरडा असतो. मंजुरी दिल्याबद्दल मी आभार मानले. तसं वळणच आहे मला. पण जिना उतरताना दात आवळलेले होते.

साहेबांचे माझ्यावरचे उपकार खरे आहेत आणि लहानूचं पाऊलही खरं आहे. एक दुसऱ्यातून वजा करता येत नाही, एवढं मला या प्रवासात समजलं. पुढच्या वाराला मी रजा काढून पुन्हा गेलो. दत्तूभाऊंनी जीप चढाखाली उभी केली. मी मोठा खोका डोक्यावर घेतला. लहानूचा भाऊ सवयीने बंपरकडे आला, मला बघून थांबला आणि म्हणाला, "आज तूच जीप का?" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण धाप लागली होती. अर्ध्या चढावर त्याने खोका घ्यायला हात घातला.

मी खोका सोडला नाही.