कुंडातलं अंडं

गावाबाहेरच्या गरम कुंडात लोक फडक्यात तांदूळ बांधून सोडतात. आम्ही अंडं सोडलं. माझ्या थर्मामीटरवर ब्याऐंशी अंश होते. पंधरा मिनिटांत पांढरं घट्ट झालं.

"बाबा, याच पाण्यात विषाणू टिकतात," जीवशास्त्र शिकणारी लेक म्हणाली. "अंड्याच्या पांढऱ्यासारखं त्यांचं कवचही प्रथिनांचंच असतं."

"मग ते का शिजत नाही?"

"त्याचे तुकडे एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. उष्णतेने सहज सुटत नाहीत."

मला नीट उमगेना. बायकोला कावीळ झाल्यापासून मी घड्याळ बघून दहा मिनिटं पाणी उकळतो. त्या भरवशाचं काय, मी विचारलं.

"कुंडातले विषाणू तिथल्याच सूक्ष्मजीवांना धरतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत, बाबा. तुमचं पाणी ठीक आहे."

पटलं. तरी दुसऱ्या सकाळी पातेलं बारा मिनिटांनी उतरवलं.

"वरची दोन मिनिटं कशाला?" बायकोने विचारलं.

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.