आमच्या घरची बोटं

आमच्या घरात गोल बोटांचं कौतुक होतं. टोकाशी फुगलेली बोटं, घड्याळाच्या काचेसारखी वर आलेली नखं. आजोबांची तशी होती म्हणे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मी पाहिली. ज्याची बोटं अशी होतात त्याच्या हाताला बरकत, असं नेकनूरला आमच्या घरी सगळेच मानत. चौदा एप्रिलला, जयंतीला, सगळं घर जमलं की आत्या पुऱ्या लाटता लाटता पोरांचे हात धरून बघायची. "तुझ्या हातात काय बरकत न्हाई रे लेका, तू नुसता खायलाच जलमलास!"

अण्णा शाळेत शिपाई होते. ते घंटा वाजवायचे त्याच शाळेत मी शिकले आणि घरातली पहिली पदवीधर झाले. बीडच्या कॉलेजात असताना जवळच्या पाली गावात आत्याकडे राहायचे. मला पहिली बस मिळावी म्हणून ती अंधारात उठून डबा करायची. आज मी प्राणिशास्त्र शिकवते, ते या दोघांमुळे.

अण्णांनी कधी विडी ओढली नाही. तरी उतारवयात कोरडा खोकला लागला आणि पाण्याची बादली वरच्या मजल्यावर नेताना ते मध्येच थांबू लागले. आधी टीबीची औषधं झाली. मग मोठ्या दवाखान्यात कळलं, की जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो तसे वण फुफ्फुसाच्या आत पडत चाललेत आणि फुफ्फुस कडक होतंय. डॉक्टर मॅडमनी विचारलं, धुळीत काम केलंय? कबुतरं पाळलीत? घरात आणखी कुणाला?

"न्हाई," अण्णा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. आजोबा टीबीनं गेले, हेच आम्हाला माहीत होतं.

अण्णा गेले त्यानंतरच्या जयंतीला आत्यानं पीठ लागलेले हात माझ्यापुढे धरले.

"बघ गं माय, माझी बी झाली. अण्णासारखी! म्हातारपणी का हुईना, बरकत आली."

सगळे हसले. हसता हसता तिला खोकला आला, तिनं पदर तोंडाला लावला. तिची बोटं माझ्या हातात होती. अण्णांची अशीच बोटं मॅडमनी किती वेळ निरखली होती, ते मला आठवलं.

संध्याकाळी तिला बाजूला घेतलं. "आत्या, दवाखान्यात जाऊ."

"कावून? मला काय धाड भरलीय?"

"अण्णांचा आजार असाच होता. ही बोटं त्याचीच खूण असू शकतात."

तिनं बोटं उलटसुलट करून बघितली. "मंग तुझ्या आज्याला, आमच्या आबाला बी टीबी नसंल," ती हळूच म्हणाली. मग माझा हात घट्ट धरला. "येते. पर माझ्या पोरांना सांगू नको. भितील."

तपासणीत तेच निघालं, पण सुरुवातीचं. पडलेले वण जात नाहीत. नवे पडण्याचा वेग औषधानं कमी होऊ शकतो, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हणाले, मग आम्हा सगळ्यांची जनुकं तपासा, कुणाला धोका आहे ते कळू दे.

"तपासता येतं, पण उत्तर अर्धंच मिळेल," त्या म्हणाल्या. या आजाराशी जोडलेले जनुकांतले बदल मुख्यतः युरोपातल्या लोकांत शोधले गेले. तिथं सर्रास सापडणारा एक बदल आफ्रिकी वंशाच्या लोकांत क्वचितच दिसतो, आशियात बराच कमी. आपल्याकडची माणसं पुरेशी तपासलेलीच नाहीत. त्यामुळे रिपोर्ट कोरा आला तरी घर धोक्यातून सुटलं असं म्हणता येत नाही. अभ्यासासाठी रक्त देता येईल. मात्र त्याचा तुम्हाला स्वतःला उपयोग होईलच असं नाही.

माझा चेहरा पडला. आत्या मात्र पुढे सरकून बसली.

"म्हंजी आमच्या लोकाचं रगत कुणी बघितलंच न्हाई व्हय?"

"फारसं नाही, मावशी."

"मंग घ्या की! ते काय विकत आणायचंय?" तिनं बाही वर केली. "मला उपेग नसंना का. ही हाय, माझी पोरं हायेत."

"मुलांचंही लागेल," मॅडम म्हणाल्या.

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. "सांगते," ती म्हणाली. "मीच सांगते. हिनं सांगितलं तर घाबरतील."

पुढच्या रविवारी पालीच्या अंगणात तिनं पोरांना सगळं सांगितलं आणि आम्हाला ओळीनं बसवलं. दोन्ही हातांचं तेच बोट घेऊन नखं पाठीला पाठ लावून उजेडात धरायची. मध्ये छोटी चौकट दिसली तर बोटं अजून फुगलेली नाहीत, हे ती दवाखान्यातून शिकून आली होती. थोरला म्हणाला, "आई, आता बरकत नसलेलीच बरी म्हण की!" तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि पुन्हा नीट बघितलं.

चौकट दिसली म्हणजे सगळं टळलं असं नाही, हे मला माहीत होतं. तरी माझा नंबर आला तेव्हा मी बोटं जुळवून पुढे केली. आत्यानं ती आपल्या गोल बोटांत धरली, एक डोळा मिटून सूर्याच्या दिशेनं बघितलं.

"हाय गं माय. तिळाएवढा उजेड हाय."

आणि तिनं माझे हात लवकर सोडलेच नाहीत.