कापलेलं नाव

आक्काला कागदोपत्री काहीतरी नाव होतं, पण लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणत. शिलाई मशिनच्या दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तेच गावचं रेडिओ केंद्र. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तरी खाली एखादं मशिन चालवून बघायला घेतलं की वर बातम्या थांबवाव्या लागत. कुठली पाइपलाइन फुटली, नगरपालिकेच्या सभेत कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, कोणाची शेळी हरवली, शाळेतल्या मुलींची गाणी, सकाळी निधनवार्ता, सगळं तिथूनच जायचं.

आक्काचं खरं काम कापाकापीचं. लोक येऊन बोलत आणि ती हेडफोन लावून त्यांचा खोकला, खाकरणं, पाल्हाळ छाटून टाकायची. एकदा नगरसेवकाच्या लांबलचक मुलाखतीतला फापटपसारा काढल्यावर जेमतेम दोन वाक्यं उरली, तेव्हा तो तणतणत जिना चढून आला होता. साध्या माणसाच्या बोलण्यातली लकब मात्र ती काढत नसे. लकब काढली तर माणूस कुठे उरला, असं ती नव्या मुलींना शिकवायची. आपल्या कानाचा तिला अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

तिचा धाकटा भाऊ रंगाच्या कारखान्यात कामाला होता. वडील गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. दर दोन वाक्यांनी ‘ऐका तर खरं’ म्हणायची त्याला खोड, म्हणून दोस्तमंडळी त्याला ‘ऐकातर’ म्हणत. ओढ्याकाठच्या वस्तीतली मुलं अंगभर फोड घेऊन दवाखान्यात यायला लागली. आम्ही पाणी शुद्ध करूनच सोडतो, असं कारखाना सांगत राहिला. तेव्हा हा आपणहून केंद्रात आला आणि बोलला. सुट्टीच्या दिवशी, तपासायला कोणी नसताना, टाकीची झडप उघडून पाणी तसंच ओढ्यात सोडतात. झडप फिरवणाऱ्यांत तो स्वतःही होता.

आक्काचा जीव खालीवर झाला. पण ‘बोलू नकोस’ म्हणायला तिची जीभ रेटेना, कारण ‘बोला’ म्हणून ती रोज अख्ख्या गावाच्या मागे लागायची. केंद्राचा एक नियम होता, ज्याच्या जिवाला धोका त्याचं नाव द्यायचं नाही. तिने नाव कापलं, खात्याचा उल्लेख कापला, मुकादमाचा कापला. एवढं डोळ्यांत तेल घालून तिने कधी काम केलं नव्हतं. आणि सवयीने ‘ऐका तर खरं’ तेवढं जिथल्या तिथे राहू दिलं.

कार्यक्रम लागला तेव्हा ती घरी जेवत होती. आई भांडी घासत होती. हात न थांबवता आई म्हणाली, “अगं, हा तर आपला धाकटा.”

आक्काचा घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. आईच ती, ओळखणारच, अशी तिने मनाची समजूत घातली. तेवढ्यात शेजारीण दारात आली. भाऊ काय छान बोलला हो तुमचा, म्हणाली. ताट तसंच टाकून आक्का केंद्रावर धावली. संध्याकाळी तेच पुन्हा लागायचं होतं, ते तिने रद्द केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भावाला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्याला टाकी साफ करायला लावलं, आणि आठवडा संपायच्या आत त्या टाकीतूनच त्याला बाहेर काढावं लागलं. पाय घसरला, असं कारखान्याने कळवलं. कोणी पाहिलं असेल तर ते बोललं नाही.

केंद्राचे प्रमुख म्हणजे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, भला माणूस. केंद्राचा परवाना जाईल असा निरोप त्यांना पोचला होता. भावाची निधनवार्ता दुसऱ्या सकाळी त्यांनीच वाचली, ‘अपघाती’ या शब्दासकट.

त्यानंतर केंद्रावर कोणी बोलायला येईना. पाइप फुटल्याचं सांगायलासुद्धा येईना. लोक खाली मशिन घेऊन येत आणि मान वर न करता निघून जात. आक्कावर त्यांचा राग नव्हता. त्यांना आता आपापल्या आवाजाची भीती वाटत होती. ही भीती आपण घातली, हे आक्काला राग सोसण्यापेक्षा जड गेलं.

एका दुपारी कार्यक्रमाची वेळ झाली आणि लावायला काहीच नव्हतं. गाणी लाव, असं मास्तर काचेपलीकडून म्हणाले. आक्का पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. लाल दिवा लागला.

“कारखान्याबद्दल जो बोलला तो माझा भाऊ,” ती म्हणाली. “मी त्याचं नाव तेवढं कापलं आणि बाकी सगळा तो जसाच्या तसा ठेवला. चूक माझी. बोलला ते खरं होतं.” मग तिने त्याचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. “आता त्या टाकीचं सांगते.”

मास्तरांचा हात बटणावर होता. त्यांचे डोळे भरून आले होते, तरी त्यांनी बटण दाबलं. दिवा विझला आणि गाणं सुरू झालं. आक्का पिशवी उचलून जिना उतरली. तिला कोणी अडवलं नाही.

घरी आई रेडिओपाशी बसली होती. गाणं चालूच होतं. कुठपर्यंत ऐकू आलं, असं आक्काने विचारलं.

“नाव आलं,” आई म्हणाली. त्या घरात दिवसा कधी न थांबलेला रेडिओ तिने हात लांबवून बंद केला. “पुढचं मला सांग.”

आक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि सांगायला लागली. ती अडखळत होती, खाकरत होती, तेच तेच पुन्हा येत होतं. कापण्यासारखं त्यात पुष्कळ होतं.